आरशापुढचं वाक्य

एवढासा तो मोल्ड – करंगळीच्या पेराएवढा, मऊ, आरपार दिसणारा, फक्त एका कडेला जराशी पिवळट झाक – तळहातावर घेऊन महेश्वरी आरशापुढं उभी होती आणि केस अर्धेच विंचरून झाले होते. कॅम्पमध्ये आलेल्या अरिबाच्या डाव्या कानाचा पहिला मोल्ड, म्हणजे ऐकायच्या मशीनचा कानात बसणारा भाग. दीड वर्षाची होती पोरगी तेव्हा, आता तीनची झाली. कान वाढतो, मोल्ड लहान पडतो, मशीन शिट्टी मारायला लागतं, मग नवा करायचा आणि जुना टाकून द्यायचा, असा रिवाज. पण हा तिनं पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला होता आणि आज कंगवा शोधताना नेमका हाताला लागला. आजच का लागावा… शकुन म्हणायचा की अपशकुन? आणि शकुनबिकुन बघण्यापर्यंत मजल गेली म्हणजे बाई, तुझं काही खरं नाही, असं स्वतःलाच सुनावत तिनं तो टाकून द्यायला हात नेला, आणि परत पर्समध्येच ठेवला.

‘अप्पा, मी नोकरी…’

ओठ हलले. आवाज तिनं काढला नव्हता. एकोणीस दिवस हे असंच चाललं होतं – रोज सकाळी, ह्याच कपाटाच्या आरशापुढं, केस विंचरता विंचरता, बिनआवाजाचं एक वाक्य. मोठ्यानं म्हणायलाही काही हरकत नव्हती खरं तर. मागं कॉटवर अप्पा बसले होते, समोर टीव्हीवर बातम्या चालू होत्या आणि टीव्हीचा आवाज पूर्ण बंद होता, कारण अप्पांना त्याचा उपयोग नव्हता. सव्वीस वर्षं मिलमध्ये माग चालवून त्यांचे कान पार गेलेले. पाठीमागं ढोल वाजवला तरी त्यांनी मान वळवली नसती. पण आवाज निघाला की गोष्ट खरी होते, असं काहीतरी खुळं भय तिच्या मनात बसलं होतं. ओठांवर आहे तोवर वाक्य परत गिळता येतं.

आणि आज ते अर्ध्यातच अडकलं. नोकरी… पुढचा शब्द येईना. आज शनिवार. आज संध्याकाळपर्यंत दोन माणसांना उत्तर द्यायचं होतं, दोघांनाही हो म्हणता येणार नव्हतं, आणि ज्यांना आधी सांगायला हवं ते अप्पा दोन हातांच्या अंतरावर बसून कुणा पुढाऱ्याचे ओठ बघत होते.

“अप्पा, निघते मी,” ती वळून त्यांच्यासमोर उभी राहून म्हणाली. ह्या घरात असंच बोलायचं, तोंडासमोर तोंड आणून. “पाणी यायचंय आज. बॅरल भरून घ्या. भाकरी झाकून ठेवलीय.”

“व्हय,” अप्पा म्हणाले. मग तिच्या केसांकडं बघून, “अर्दंच इंचरलंस की.”

*

गाडी कंपनीची, पेट्रोल कंपनीचं, एसी कंपनीचा. अशोक चौकाच्या सिग्नलला काच वर करून बसलं की बाहेरचं काही ऐकू येत नाही, आणि अकरा वर्षं हे सुख वाटत आलेलं. कानाची मशीन विकणाऱ्या कंपनीची एरिया मॅनेजर. सोलापूर, पंढरपूर, बार्शी, थेट मंगळवेढ्यापर्यंत तिचा मुलूख. कानाच्या डॉक्टरांना भेटायचं, दुकानदारांना टार्गेट द्यायचं, मोफत तपासणीचे कॅम्प लावायचे – तपासणी मोफत, मशीन नव्हे – आणि महिन्याच्या शेवटी पुण्याच्या अनिमेषसरांना रंगीत तक्ता पाठवायचा. अनिमेषसर वाईट नव्हते. वाईट असते तर सोपं गेलं असतं. परवा फोनवर किती आनंदानं म्हणाले, “महेश्वरी, सांगली-कोल्हापूरपण तुझ्याकडे देतोय. शनिवारी ऑफिस सुटायच्या आत फक्त हो म्हणून मेल टाक, सोमवारी जाहीर करतो.”

ह्यात दुःख कुठं आहे? माणसं देव पाण्यात घालून बसतात ह्यासाठी. भरल्या ताटावरून उठणाऱ्याला लोक वेडा म्हणतात ते काय उगाच?

आणि दुसऱ्या बाजूला पद्मजाताई. साठी उलटलेली बाई, साखर पेठेत दोन खोल्यांत बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवतात, देणग्यांवर कसंबसं चालतं. कानाचं शास्त्र शिकून बाहेर पडल्यावर महेश्वरीनं पहिलं वर्ष तिथंच काढलं होतं, सतरंजीवर बसून, मुलांच्या लाळेनं भिजलेल्या ओढणीनिशी; आणि मग कंपनीची ऑफर आली, अव्वा, तिची आई, आजारी होती, म्हणून महेश्वरी कंपनीत गेली. पद्मजाताईंनी तेव्हाही काही म्हटलं नाही. ह्या महिन्यात त्यांचा फोन आला: “माझे गुडघे गेले ग. आता खाली बसून शिकवता येत नाही. तू येशील का? पैसे तुला ठाऊकच आहेत, म्हणजे नाहीतच. लातूरची एक मुलगी तयार आहे, तिला मी शनिवारी सहापर्यंत थांबवलंय.” आणि वर, “तुझ्याच्यानं होणार नसेल तर तसं सांग. मी रागवायची नाही.”

रागावल्या असत्या तरी बरं झालं असतं. कुणीच रागवत नाही, हीच तर पंचाईत. सगळ्यांनी आपापल्या जागी चांगलं राहायचं ठरवलंय आणि वाईट व्हायची पाळी माझ्यावर आणून ठेवलीय.

सिग्नल सुटला. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवत असावा. आरशात त्याचा हात नुसता दिसत होता.

अप्पांना कसं सांगायचं… नोकरी सोडणं ही गोष्ट त्या घरात उच्चारायची नव्हती. मिल बंद पडली तेव्हा महेश्वरी अकरा वर्षांची. गेटाला कुलूप लागलं तरी अप्पा रोज सकाळी सातच्या पाळीला निघायचे, डबा घेऊन. अव्वा डबा भरून द्यायची – कडक भाकरी, शेंगाचटणी, कांदा – आणि ते गेले गल्लीच्या तोंडाशी की परत विड्या वळायला बसायची. तीन वर्षं. गेटासमोरच्या लिंबाखाली बसून, डबा खाऊन, पाळी सुटायच्या वेळेला अप्पा परत. एकदा शाळेतून येताना तिनं त्यांना तिथं बसलेलं पाहिलं होतं, आणि त्यांनी पाहायच्या आत ती दुसऱ्या रस्त्यानं पळाली होती. का पळाले मी? लाज कुणाची वाटली, त्यांची की माझी… आणि कंपनीचं पत्र आलं त्या दिवशी त्याच अप्पांनी ते कपाळाला लावलं, बसवण्णाच्या फोटोपुढं ठेवलं आणि एवढंच म्हणाले, “ही सोडायची न्हाय.”

अकरा वर्षं सोडली नाही. आता नुसतं ‘सो’ म्हटलं तरी पुढचं अक्षर येत नाही.

*

कॅम्प एका समाजमंदिरात होता. पंखे होते, वारा नव्हता. दाराशी कंपनीचा फ्लेक्स, त्यावर एक गोरी आजी हसत हसत नातवाचं ऐकतेय. खुर्च्यांवर म्हातारी माणसं हातात नंबरचे कागद घेऊन बसलेली, आणि त्यांतच, नंबर न घेता, अरिबाची आजी बिबीजान. कडेवर अरिबा.

“मॅडम, मशीन लई शिट्टी मारतंय बघा,” बिबीजान म्हणाली आणि पिशवीतून एक स्टीलचा डबा काढला. त्यात रुमाल, रुमालात मखमली पुडी – दागिन्यांच्या दुकानात मिळते तसली लाल – आणि पुडीत मशीन. अगदी कोरं. कुठं ओरखडासुद्धा नाही.

महेश्वरीनं ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं.

“आजी, हे रोज घालता ना हिला?”

“रोज?” बिबीजान दचकली. “रोज कसं घालायचं मॅडम? एवढी महागाची चीज, पोरीची जात, खेळात कुटंतरी टाकंल की. कपाटात ठिवलंय जपून. ईदला घालतो. लग्नकार्याला घालतो. परवा नणंदेच्या घरी अकीका हुता, बाळाचं जावळ, तवा घातलं. लई शोभतंय तिला.”

हसावं की रडावं… दीड वर्ष. ज्या दीड वर्षात कान आणि मेंदू एकमेकांशी बोलायला शिकतात, त्यातले आठ-दहा दिवस ह्या पोरीनं ऐकलं होतं, तेही लाउडस्पीकर आणि भांड्यांचा आवाज. आणि बिबीजानची चूक म्हणावी तर कशी? मशीन विकताना तिला कुणी सांगितलं होतं का? कंपनीनं फोटो काढला होता, मशीन घातलेल्या अरिबाचा, तो फोटो त्या वर्षीच्या अहवालाच्या मुखपृष्ठावर आला होता, अनिमेषसरांनी टाळ्या वाजवल्या होत्या. विकलं कुणी? मी. आणि मी काय सांगितलं? बॅटरी ओली करू नका, एवढं सांगितलं.

“सत्तावीस जण आहेत अजून, मॅडम,” नोंदणीच्या टेबलावरची मुलगी म्हणाली.

“असू देत.”

ती फरशीवर बसली. साडीवर, सगळ्यांदेखत. अकरा वर्षांनी गुडघे कुरकुरले. मोल्डचं नंतर बघू म्हणून तिनं मशीन तसंच सैल का होईना कानात घातलं, बोटानं दाबून धरलं, शिट्टी थांबली. बिबीजानच्या पिशवीत फुटाणे होते. एक फुटाणा अरिबाच्या बोटांत दिला, हात तिच्याच गालाशी नेऊन ठेवला, आणि म्हणाली, “बा.” मग तिचा हात धरून फुटाणा डब्यात टाकला – टण्. परत एक. “बा” – टण्. अरिबाला कळलं. चौथ्या वेळेला तिनं स्वतःहून टाकला, पाचव्या वेळेला टाकला, सहाव्या वेळेला हसत टाकला, आणि बिबीजान ओरडली, “सुनतीया! या अल्ला, ऐकतीया की पोरगी!”

रांगेतल्या एकदोघांनी टाळ्या वाजवल्या. पण महेश्वरीला ते डोळे दिसत होते. पोरीचे डोळे तिच्या ओठांवर खिळलेले होते, नुसते ओठांवर, पापणी न लववता.

“थांबा आजी,” ती म्हणाली. “असं नाही कळत. ती ऐकत नाहीय, बघतेय. ही पोरं लई हुशार असतात, तोंड वाचतात. घरी शिकवताना तोंड झाकून बोलायचं. झाकल्यावर कळलं, तर ते खरं ऐकलेलं.”

तिनं टेबलावरचं कंपनीचं माहितीपत्रक घेतलं आणि तोंडापुढं धरलं. “बा.”

अरिबा माहितीपत्रकाकडं बघत राहिली.

“बा.”

काही नाही. हात गालाशी तसाच, फुटाणा घट्ट धरलेला. मग ती पुढं आली आणि दुसऱ्या हातानं तिनं तो कागद खाली ओढला, आणि महेश्वरीच्या ओठांना बोट लावलं. जणू म्हणत होती, हे उघड, हे कशाला झाकतेस.

तिनं कागद परत वर केला, पोरीच्या कानाशी वाकली आणि आणखी एकदा म्हणाली, “बा.” आणि फुटाणा डब्यात पडला. टण्.

टाकला? की घामानं निसटून पडला? बिबीजाननं तर बघितलंही नव्हतं, ती डोळे पुसत होती. अरिबा डब्यात वाकून फुटाण्याकडं बघत होती, जरा नवल वाटल्यासारखी, आणि महेश्वरीला परत एकदा, फक्त एकदा म्हणून बघायचं होतं, पण अनिमेषसरांचा फोन वाजायला लागला, टेबलावरच्या मुलीनं परत सत्तावीस म्हटलं, आणि एक आजोबा आपला कागद हलवत, आमाला काय दिवसभर बसवता का, असं मोठ्या आवाजात विचारायला लागले.

ती उठली. नव्या मोल्डसाठी कानाचं माप घेतलं, बिबीजानला चार वेळा बजावलं, उठल्यापासून झोपेपर्यंत, रोज, ईद असो नसो. बिबीजान मान हलवत होती. पण महेश्वरीला पक्कं ठाऊक होतं की घरी गेल्यावर मशीन पुन्हा पुडीत जाणार. रोज कुणीतरी समोर बसल्याशिवाय ते कपाटाबाहेर राहणार नाही. रोज, कुणीतरी, खाली फरशीवर.

आणि ते कुणीतरी म्हणजे मीच, असं कशावरून? लातूरची मुलगी आहे की. ती तरणी आहे, तिचे गुडघे चांगले आहेत. तू चांगलं काम करायला निघालीस की चांगली बाई म्हणवून घ्यायला? आज टाळ्या वाजल्या तेव्हा बरं वाटलं ना? खरं सांग. आणि जिथं टाळ्या वाजत नाहीत, जिथं एक पोर आठ महिने कागदाकडं नुसतं बघत राहतं, तिथं काय करशील? कंपनीत निदान कंटाळा तरी हक्काचा होता. कंटाळ्यात कुणी नापास होत नाही.

जेवण गेलं नाही. उरलेली सत्तावीस माणसं तिनं कशी उरकली ते तिला आठवत नव्हतं. निघायच्या वेळेला हिशेबाच्या कागदावर नऊ मशीन लागली होती, म्हणजे कॅम्प उत्तम झाला.

*

घरी आली तेव्हा सव्वापाच झाले होते. बॅरल काठोकाठ भरलेलं, वर स्वच्छ फडकं बांधलेलं. टीव्ही बंद. अप्पा कॉटवर, हातात काही नाही. ते रिकामे बसत नसत. त्यामुळं तिला आधीच चमत्कारिक वाटलं.

चहा करून तिनं त्यांच्यासमोर ठेवला आणि सवयीनं आरशाकडं गेली, केसांतली पिन काढायला. फोन कपाटाच्या फळीवर ठेवला. अनिमेषसरांचे तीन मिस्ड कॉल. पद्मजाताईंचा एकही नाही. फळीवर अव्वाचा फोटो, आणि फोटोशेजारी अप्पांची डबी: कंपनीचं सगळ्यांत भारी मशीन, तिनं चार वर्षांपूर्वी आणलेलं, त्यांनी एकदाच कानात घातलेलं. नको म्हणाले होते. मला ऐकू येतं की, म्हणाले होते, डोळ्यांनी.

“आज अर्द्यातच थांबलीस,” मागून अप्पा म्हणाले.

ती वळली. “काय?”

“सकाळी. ‘नोकरी’पर्यंत आलीस आनी थांबलीस.”

तिला आधी काहीच कळलं नाही. मग तिनं आरशाकडं पाहिलं. आरशात कॉट होती. कॉटवर अप्पा, सरळ समोर, अगदी समोर, त्यांचं तोंड तिच्या तोंडाला लागून – इतकं स्पष्ट की दाढीचे खुंटसुद्धा मोजता यावेत. तिला दिसत होते ते आरशात. मग ती त्यांना दिसणार नव्हती? एकोणीस दिवस… मिलमध्ये शेकडो माग एकदम धडधडत असताना, शेजारच्याचा आवाज शेजारच्याला ऐकू येत नसताना, माणसं ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसत्या ओठांनी गप्पा मारायची, भांडायची, लग्नं जमवायची. लहानपणी हे अप्पांनीच तिला किती कौतुकानं सांगितलं होतं. आणि कानाचं शास्त्र शिकलेली ही शहाणी, सकाळी जगाला तोंड झाकायला शिकवून आलेली, आवाज काढला नाही म्हणजे गुपित राहिलं असं समजत होती. ह्या घरात! अप्पांसमोर! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते ह्याहून काय वेगळं असतं?

“पयल्या दिवशी ‘सोडू का’ म्हणालीस,” अप्पा सांगत होते, बातमी वाचावी तसं. “मग आठ दिवस ‘सोडतेय’. मंग पुन्ना ‘सोडू का’. परवाच्याला तर ‘न्हाय सोडत’ म्हणालीस, आनी रडलीस. आज अर्दंच.”

“मग तुम्ही काही बोलला का नाहीत, अप्पा?” तिचा आवाज चढला, त्याचा काही उपयोग नव्हता तरी. “एकोणीस दिवस माझा जीव… तुम्ही बोलला का नाहीत?”

“तू माझ्याशी कुटं बोलत हुतीस?” अप्पा म्हणाले. “आरशाशी बोलत हुतीस की. दुसऱ्याचं बोलनं चोरून ऐकायचं, आनी मंग त्यात तोंड घालायचं, ही काय रीत हाय व्हय.”

चहावर साय धरली. ती कॉटसमोर येऊन फरशीवर बसली, दिवसात दुसऱ्यांदा. त्यांच्या डोळ्यांत बघून, ओठ नीट हलवून, लहानपणी बोलायची तसं एकेक अक्षर ठेवून तिनं विचारलं, “मग मी काय करू?”

अप्पांनी बराच वेळ तिच्या तोंडाकडं पाहिलं, आणखी काही येतंय का म्हणून. मग म्हणाले, “मला नको इचारू, म्हेश्वरी. मी कुलपाकडं बघत तीन वरसं डबा खाल्ल्याला मानूस. कुलूप दिसत नव्हतं असं न्हाय. लई चांगलं दिसत हुतं. धरायचं कवा, सोडायचं कवा, ते मला कळलं असतं तर तू त्या दिवशी दुसऱ्या रस्त्यानं पळाली नसतीस.”

त्यांनी पाहिलं होतं. अकरा वर्षांची ती, दप्तर पाठीवर, वळून पळणारी – त्यांनी पाहिलं होतं. आणि एकदाही…

“अप्पा,” ती म्हणाली. “अप्पा, ऐका…”

पण अप्पांनी भिंतीला डोकं टेकवलं आणि डोळे मिटून घेतले. ह्या घरात डोळे मिटले की बोलणं संपतं. ती ओठ हलवत राहिली असती, ओरडली असती, तरी आता तिकडं काही पोचणार नव्हतं. चेहऱ्यावर राग नव्हता. होकार होता का, तेही तिला वाचता येईना. एकोणीस दिवस तिला वाटत आलं होतं की अप्पा नाही म्हणतील, त्यांचं तोंड उतरेल, आणि मग त्यांच्यासाठी म्हणून… हो, त्यांच्यासाठी म्हणून राहता येईल. किती छान सोय होती ती. अप्पांनी ती शांतपणे काढून घेतली होती आणि ते डोळे मिटून बसले होते.

ती उठली. पावणेसहा. फळीवर फोनचा उजेड पेटला आणि विझला, कुणाचा होता ते तिनं पाहिलं नाही. आरशात मागं अप्पा दिसत होते, मिटलेले, आणि पुढं एक बाई, सुटलेल्या केसांची, जिच्या ओठांवर आता कुणाचीही नजर नव्हती.

“मी नोकरी सोडतेय,” ती म्हणाली. आवाजासकट. तो इतका बारीक, इतका अनोळखी निघाला की ती दचकली. आणि तिनं ते ऐकलं होतं की आरशात नुसतं पाहिलं होतं, ह्याची तिची तिलाच खात्री देता येईना.

भीती गेली नव्हती. अप्पांची भीती म्हणून इतके दिवस जिला सांभाळलं, ती अप्पांपाशी नव्हतीच. ती इथंच होती, तशीच, आणि आता तिला आपलं म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पर्समधला मोल्ड तिनं काढून डाव्या मुठीत धरला आणि मूठ अरिबासारखी गालाशी नेली. मग उजव्या हातानं तोंड झाकून घेतलं, घट्ट, आणि ते वाक्य पुन्हा म्हणायच्या आधी ती कान देऊन उभी राहिली.